मायचा उजवा खांदा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात खायला होती ती फक्त मिलो. रेशनवर मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची, तव्यावर गेली की ताठ व्हायची आणि पोटात गेली की दुपारपर्यंत हलायची नाही. माय म्हणायची, "चांगलं हाय की. लवकर भूक लागत न्हाई." आमच्याकडं आईला माय म्हणतात आणि बापाला बा.

आमचं गाव मुरुडपासून दोन तास चालत. विहिरींचे तळ पांढरे पडलेले, झाडांची पानं जनावरांनी तोंड पोचेल तिथपर्यंत खाल्लेली, आणि निम्मं गाव दुष्काळी कामावर. सडकेचं काम होतं. बा माती खणायचा, माय खडी फोडायची. डाव्या हातात टायरचं कापलेलं कडं, त्या कड्यात दगड अडकवायचा आणि उजव्या हातानं हातोडी घालायची. सकाळच्या हजेरीपासून दिवस कलेपर्यंत. मी दहा वर्षांची. फुटलेली खडी टोपल्यात भरायची, एवढं माझं काम. दुपारी सरकारकडून सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, वाटायचे. तिचा गोडसर वास मला अजून लांबून ओळखू येतो.

आता मला मायच्या दुसऱ्या कामाबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आमच्या घरच्या बायका अंग चोळायच्या. गावात कुणी बाळंत झालं, की बाळंतीण आणि बाळ दोघांना तेल लावून रगडायचं, शेक द्यायचा. कुणाची मान धरली, पाय मुरगळला, लेकराची बेंबी सरकली, की बोलावणं यायचं. माय हे सासूकडून शिकली होती. मागच्या दारानं आत जायचं, काम झालं की मागच्याच दारानं बाहेर यायचं आणि अंगणात पदर पसरून उभं राहायचं. घरातली बाई वरून दाणे टाकायची. हाताला हात लागू नये म्हणून वरून. घटकाभरापूर्वी तिच्याच उघड्या पाठीवर मायचे दोन्ही हात फिरलेले असायचे, ते चालायचं.

मग आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. वस्तीनं मिळून ठरवलं की मेलेलं ढोर ओढायचं नाही, गावकीची कामं करायची नाहीत, दारोदार दाणे घ्यायचे नाहीत. बानं त्यात आमच्या घरचं चोळण्याचं कामही घातलं. विहार म्हणजे तेव्हा नुसतं कुडाचं छप्पर होतं. त्याच्यासमोर माय आणि बा दोघांनी शपथ घेतली. माझ्या कळत्या वयात मी मायला गावातल्या कुणाच्या अंगाला तेल लावताना पाहिलं नाही.

दुष्काळाच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी कामावर अक्का आली. अक्का म्हणजे आमच्या गावच्या किराणावाल्या लिंगायत घरातली थोरली बाई. कपाळावर भस्म, डोक्यावर पदर, पायात वहाणा, तरी पाय भाजलेले. खडीच्या ढिगापासून चार हात लांब उभी राहिली.

"तुला हुडकत आले गं," ती मायला म्हणाली. "सून बाळंत हुन आठ दिस झाले. छाती दगडावानी झालीया. ताप उतरंना, लेकरू तोंड लावंना. तुझ्याबिगर कुणाला जमायचं न्हाई."

बा पलीकडं कुदळ घेऊन उभा होता. तो म्हणाला, "अक्का, ते काम आमच्या घरात बंद हाय."

"तुला इचारलं का रे मी? बायांचं बोलणं चाललंय."

"मी तिच्यावतीनं बोलायलोय."

अक्कानं त्याच्याकडं पाठ केली आणि मायला हळूच म्हणाली, "पायलीभर ज्वारी देते. पांढरी. मालदांडी."

आसपासच्या सगळ्या बायांच्या हातोड्या थांबल्या. पांढरी ज्वारी हे शब्द तेव्हा कुणी उगाच उच्चारत नव्हतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं ते मला आठवतं. मायनं खाली बघितलं, कड्यात नवा दगड बसवला आणि म्हणाली, "न्हाई जमायचं, अक्का."

"माज आलाय," अक्का म्हणाली. "दुष्काळात बी माज."

बा हसला. "आला तर आला. घरात तेवढी एकच चीज उरलीया अक्का, राहू द्या."

त्या संध्याकाळी मी बाच्या मागून ताठ मानेनं घरी आले. पोटात मिलो होती, पण पांढऱ्या ज्वारीला नाही म्हणणारे आईबाप माझे होते. पुढं आयुष्यात मी जे काही केलं, ते त्या संध्याकाळच्या जोरावर केलं. आणि जे चुकलं, तेही त्याच जोरावर चुकलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मायचा खांदा गेला. गेला म्हणजे एकदम नाही. हातोडी उचलली की आधी चमक यायची, मग हात जड व्हायचा, मग रात्री त्या कुशीवर झोपता येईना. तरी ती हजेरीला जात राहिली. एकदा घरी येऊन तिनं करडईचं तेल कोमट केलं, खांदा उघडा केला आणि मला म्हणाली, "ये गं, एवढं चोळ. मी सांगते कसं ते." मी पुढं झाले. माझी बोटं तेलात बुडालीसुद्धा होती.

बा दारातून म्हणाला, "पोरीला ते वळण लावू नको. तिच्या हातात पेन्सिल ऱ्हाऊ दे."

मायनं माझी बोटं आपल्या पदराला पुसली. मग डाव्या हातानं जमेल तेवढं स्वतःच चोळून घेतलं.

दुष्काळ सरला. खांदा सरला नाही.

मॅट्रिक झाल्यावर मामानं मला नांदेडला नेलं. तो तिथं मिलमध्ये होता. दोन खोल्या, सहा माणसं, पण त्यानं मला कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवायला लिहीत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच लिहिते. माझ्या बापानं त्यासाठी पांढरी ज्वारी नाकारली होती.

पण त्या दिवसांत माझ्या अंगात राग फार होता. कशाचा ते धड सांगता यायचं नाही. वर्गात कुणी हसलं तरी मला वाटायचं माझ्यावर हसलं. तोंडी परीक्षेत पाय लटपटायचे. मामी सांगायची, "पोरगी झोपेत दात खाती. जात्यावानी आवाज येतो."

त्या पावसाळ्यात मामाच्या वस्तीतल्या विहारात एक भंते वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर एका जागी राहायला आले आणि पुढं तिथंच राहिले. उंच, काटकुळे, विदर्भाकडचे असावेत. सकाळच्या वंदनेनंतर ते थांबतील त्यांना श्वास बघायला शिकवायचे. मी थांबले. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. मी चुळबूळ केली. भंते डोळे मिटूनच म्हणाले, "मुंग्या आल्या? येऊ दे. मोजत बसू नको."

ते म्हणायचे, दुखलं तर पळू नको, दुखतंय एवढं जाण, येणारं जाणारच आहे. मी ते शब्द धरले. पहाटे बसायची, कॉलेजातून आल्यावर बसायची. वर्षभरात मामी म्हणाली, "दात खायचं थांबलीस गं." तोंडी परीक्षेत पाय लटपटले, पण मी त्या लटपटीकडं मनातून बघत उत्तरं दिली. पहिल्यांदा मला वाटलं की माझं शरीर माझं ऐकतंय. ज्या शरीराला दुसऱ्यानं वरून दाणे टाकावेत अशी रीत होती, ते शरीर आता सरळ पाठीनं बसतं, कुणाच्या हाताची त्याला गरज नाही. मला ते फार आवडलं. कुणाच्या हाताची गरज नाही, हेच जास्त आवडलं.

मी शेवटच्या वर्षाला असताना बा छातीच्या दुखण्यानं गेला. बी. ए.चा निकाल लागला तेव्हा पेढा मायच्या हातावर ठेवला. तिनं तो डाव्या हातात घेतला. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झालं. उस्मानाबादपासून सुटलेल्या नव्या जिल्ह्याला माणसं पाहिजे होती आणि मला कलेक्टर कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. सगळंच नवं होतं. पाट्यांचा रंग बोटाला लागायचा. खुर्च्या कमी, माणसं जास्त. उस्मानाबादेहून फाइली पोत्यांत भरून ट्रकनं यायच्या आणि आम्ही फरशीवर बसून त्या गाववार लावायचो. शेजारचा कारकून म्हणायचा, "जिल्हा झाला बाई, आता पाणी बी येईल." पाणी काही आलं नाही. नळाला येईल त्या दिवशी सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची.

मोंढ्यामागं मी एक खोली घेतली आणि मायला आणलं. बा गेल्यापासून ती गावात एकटीच होती. येताना तिच्याबरोबर एक पेटी होती आणि करडईच्या तेलाची बाटली.

तिचा खांदा आता वाईट झाला होता. केस लांब, कमरेपर्यंत, आणि हात डोक्याकडं जाईना. कचेरीला जायच्या घाईत रोज सकाळी मी तिची वेणी घालायची. "हळू गं," ती म्हणायची. मी हळू करायची आणि परत घाई करायची. एका सकाळी फणी माझ्या हातात असतानाच ती म्हणाली, "जरा खांदा दाबतीस का? तेल हाय माझ्याकडं."

मी काय म्हणाले ते मला शब्द न शब्द आठवतं.

"माय, दाबून काय होतंय? घटकाभर बरं वाटतंय, परत तेच. त्यापेक्षा दुखणं नुसतं बघायला शिक."

"बघू? कुठनं बघू? पाठीमागं हाय ते."

मी हसले. तीही हसली. पण मी सोडलं नाही. त्या बाटलीकडं बघून मला मागचं दार दिसायचं, पसरलेला पदर दिसायचा. बानं ज्यातून आम्हाला काढलं, ते मी माझ्या नव्या जिल्ह्याच्या नव्या खोलीत परत येऊ देणार नव्हते. तेलाची बाटली मी पेटीत ठेवली आणि पेटी वर फळीवर.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे मी तिला माझ्याशेजारी बसवलं. मांडी घाल, पाठ सरळ, डाव्या हातावर उजवा हात, डोळे मीट, हलायचं नाही.

"किती येळ?"

"तासभर."

"खडीवर मुकादम बी मधी पाणी प्यायला सोडायचा."

तरी ती बसली. मी शिकलेली होते ना. खांद्यात कळ आली की ती कण्हायची, मी डोळे न उघडता म्हणायचे, "जाण फक्त. हात हलवू नको." दिवसाही मी तिला सांगून ठेवलं की त्या हाताला काम देऊ नको. भांडी मी घासीन, पाणी मी भरीन, तू हात मांडीवर ठेवून बस.

महिन्याभरानं विचारलं, "कसं हाय आता?"

"हाव. बरं हाय."

पुढं एका सकाळी ती म्हणाली, "तू जा कामाला. येणी मी घालीन माझी." त्या संध्याकाळी आले तर खरंच तिची वेणी घातलेली. जरा वाकडी, पण घातलेली. माझा आनंद मावेना. पुढच्या पौर्णिमेला लातूरच्या विहारात मी उठून बायांना सांगितलं. माझी माय अक्षर ओळखत नाही, खडी फोडून तिचा खांदा गेला होता, एक गोळी न घेता, कुणाचा हात न लावता, नुसतं बसून तिचा हात वर जायला लागला. बाया तिच्याकडं वळून बघायला लागल्या. माय खाली बघत होती. मला वाटलं लाजली.

असे अकरा महिने गेले.

एक दिवस कचेरीच्या जीपमधून औशाला तहसिलातले कागद आणायला गेले होते. काम लवकर उरकलं, जीप मोंढ्यावरूनच परत चालली होती, म्हणून मी दुपारीच उतरून घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं.

माय भिंतीला टेकून बसली होती. केस मोकळे. डाव्या हातात आमचं भाकरीचं लाकडी उलथनं, आणि त्याच्या टोकाला दोऱ्यानं करकचून बांधलेली फणी. त्या उलथन्यानं ती मान वाकडी करून केस ओढत होती. पेड घालताना केसांचं एक टोक तिनं दातात धरलं होतं. उजवा हात मांडीवर होता. मी ठेवायला सांगितला होता तसाच.

मला बघून तिनं उलथनं पदराखाली घातलं. लेकरानं चोरून खाताना सापडावं तसं.

मी तिचा उजवा हात धरून वर उचलला. तो छातीच्याही खाली थांबला. पुढं उचलला तर अख्खा खांदाच वर आला, दार चौकटीसकट यावं तसा, आणि माय ओरडली. दुष्काळातसुद्धा मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं.

"कवापासनं असं हाय?"

"तू आणलीस तवा एवढं नव्हतं."

"मग बरं हाय म्हणत होतीस ते?"

ती बराच वेळ फणीचा दोरा सोडत राहिली. गाठ एका हातानं सुटेना. मग म्हणाली, "तू एवढी शिकली. तुला कसं म्हणू, शिकलेलं चुकलं म्हणून?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं, माझ्याच वयाच्या पोरानं, तिचा हात इकडं तिकडं करून बघितला. "खांदा आखडलाय. हलता ठेवायला पाहिजे होता, रोज. हा तर कुणीतरी बांधून ठेवल्यासारखा झालाय. काय करत होत्या या?"

माय म्हणाली, "बसून ऱ्हात हुते, साहेब. माझी मीच."

"आता पूर्वीसारखा व्हायचा नाही," तो म्हणाला. "चोळा, शेका, थोडा थोडा हलवा. जेवढा सुटेल तेवढा तुमचा."

रविवारी मी नांदेडची बस धरली. मला भांडायचं होतं. कुणाशी तरी भांडल्याशिवाय मला घास जाईना. भंते त्याच विहारात होते, आता थकलेले. मी आत गेले तर ते भिंतीला टेकून पाय पसरून बसले होते आणि एक वयस्कर उपासक त्यांचे गुडघे तेल लावून चोळत होता. तोच वास. करडईचं कोमट तेल.

मी वंदन केलं आणि उभीच राहिले. "भंते, तुम्ही सांगितलं होतं दुखणं नुसतं बघायचं."

"सांगितलं होतं."

"मग हे काय?"

"हे गुडघे आहेत," भंते म्हणाले. उपासक खुदकन हसला. भंते हसले नाहीत, कारण त्यांनी माझं तोंड बघितलं होतं. "बस. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पौर्णिमेला विहारात केलेलं भाषणसुद्धा. ते भिंतीपासून सुटून सरळ बसले. मग म्हणाले, "कुठं दुखतंय ते नीट कळावं म्हणून बघायचं. कळल्यावर हात लावू नको असं मी म्हणालो नव्हतो. पण लाव असंही म्हणालो नाही. मी लोकांना बसवतो. कोण काय उचलून, काय फोडून आलंय ते विचारत नाही. तेवढी चूक माझी."

मला सगळी चूक त्यांना देऊन मोकळं व्हायचं होतं. त्यांनी त्यांच्या वाट्याची घेतली आणि माझी माझ्याकडंच ठेवली.

"ताई," उपासक म्हणाला, "तेवढी तेलाची वाटी सरकवा इकडं."

मी वाकले, वाटी उचलली. मी अकरा वर्षांची असताना मायनं पदराला बोटं पुसली, त्यानंतर पहिल्यांदा माझ्या बोटांना ते तेल लागलं होतं.

लातूरला परत आल्यावर फळीवरची पेटी काढली. तेल खवट झालं होतं. गंजगोलाईच्या बाजारातून नवं आणलं. मायसमोर वाटी ठेवली आणि म्हणाले, "शिकव."

"तुझ्या बाला चाललं नसतं."

"बानं शपथ घेतली होती. तूही घेतली होतीस. आता मी तुझं अंग चोळलं तर ती मोडती का?"

मायनं वाटी जवळ ओढली. मग तिनं जे सांगितलं ते तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मी गेले हुते. अक्काच्या सुनंकडं."

"कधी?"

"त्याच दिशी. हजेरी सुटल्यावर. पाणी आणायला म्हणून गेले. छाती मोकळी केली, लेकरू प्यायला लावलं आन आले. अक्का दाणे घिऊन आली, मी पदर पसरला न्हाई. म्हनलं, अक्का, शपथ दाण्याची हाय. हाताची न्हाई." मग म्हणाली, "पुढच्या दारानं भाईर आले."

"बाला कळलं नाही?"

"अंगाला तेलाचा वास येत हुता की. त्यानं इचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई."

ज्या संध्याकाळच्या जोरावर मी उभी राहिले होते, ती संध्याकाळ मला अर्धीच माहीत होती. माझ्या मायनं नकार आणि हात हे दोन्ही वेगळे ठेवले होते. मी शिकून त्यांचा एकच गोळा केला आणि तो तिच्याच खांद्यावर ठेवला.

मग तिनं शिकवायला सुरुवात केली. आधी तेल माझ्या तळव्यात कोमट होऊ द्यायचं. "थंडा हात लावू नको, अंग दचकतं." बोटांनी नाही, तळव्यानं. हाडावर नाही, हाडाच्या कडंनं. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करायची, आधी आपल्या गालाला लावून बघायची. "दाबू नको गं, आधी इचार. जागा सांगती." मला जागा काही सांगेना. माझा हात कुठं जास्त पडायचा, कुठं नुसताच घसरायचा.

"तुझा हात सरकारी हाय," ती कण्हत म्हणायची. "शिक्का मारल्यावानी पडायलाय."

रोज कचेरीच्या आधी आणि कचेरीहून आल्यावर. पहिले चार महिने काहीच झालं नाही. काहीच नाही म्हणजे काहीच नाही. थंडीत उलट जास्त आखडला. कधी मी हात उचलायचे आणि तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्या मनगटावर पडायचं, पण तोंडानं ती म्हणायची, "अजून थोडं." मला त्या शब्दाची भीती वाटायची. ती खरं बोलती की परत माझं मन राखती, ते मला आता कळेना. अकरा महिने मी तिला खोटं बोलायला शिकवलं होतं. ते तिच्या खांद्यापेक्षा उशिरा सुटलं. खरं तर सुटलं की नाही, मला आजही माहीत नाही.

त्या काळात माझं पहाटेचं बसणं बंद पडलं. आसनाची गुंडाळी कोपऱ्यात पडून राहिली. डोळे मिटले की मला उलथनं दिसायचं. विहारात कुणी विचारलं, "तुमच्या मातोश्रींचा हात छान झाला ना हो?" तेव्हा पुढच्या पौर्णिमेला मी परत उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मागचं मी सांगितलेलं खोटं होतं, हात बरा झाला नव्हता, माझ्यामुळं बिघडला. एक बाई फक्त म्हणाली, "असं कशाला सांगायचं भर सभेत?" माय माझ्याशेजारी होती. या वेळी तिनं खाली बघितलं नाही.

आणखी एक गोष्ट होती आणि तिला काही इलाज नव्हता. गल्लीत शेजारणीला पोर झालं. ती मायला म्हणाली, "मावशी, तुमी लावा की तेल." मायनं बाळ दोन्ही पायांवर आडवं घेतलं, डाव्या हातानं सुरुवात केली, उजवा पुढं केला, आणि तो बाळाच्या पोटापर्यंत जाऊन तिथंच अडला. तिनं बाळ माझ्या पायांवर दिलं. ती सांगत गेली, मी करत गेले. बाळ रडून लाल झालं. तिच्या हाताखाली बाळं झोपायची असं जुन्या बाया सांगायच्या. तिच्या सासूकडून तिच्याकडं आलेलं, तिच्या हातांत गच्च भरलेलं, माझ्याकडं फार थोडं आलं. बाकीचं खडीवर काही गेलं आणि माझ्या आसनावर काही गेलं. ते परत मिळण्यासारखं नव्हतं. मी पदवीधर, मला हे कुठं मांडता येईना, कुणाकडं मागता येईना.

तरी सकाळ झाली की तेल कोमट करायचं. तळवा लावताना मला पूर्वी श्वास कळायचा तसं कधीकधी काहीतरी कळू लागलं. इथं गाठ आहे, इथं ती घाबरून अंग धरती, इथं खरंच दुखतं. कळलं की मी थांबायची. एका सकाळी ती म्हणाली, "आज न्हाई बरं वाटत. सोड." तिनं पहिल्यांदा मला नाही म्हटलं होतं. मी पुरचुंडी खाली ठेवली आणि बाहेर नळावर जाऊन रडले.

दोन वर्षं गेली. मायचा उजवा हात कानापर्यंत आला. त्याच्या वर तो कधी गेला नाही. उजव्या बाजूचे केस तिनं मरेपर्यंत त्याच हातानं विंचरले, मागची वेणी मी घातली.